संशयित पाकीट, तापाचे रुग्ण आणि पोलिसांची नोटीस: कोणाचा अधिकार कुठवर?

ग्वाल्हेरला लष्कर भागात पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: उद्या एखाद्या कार्यालयात पांढरी पूड असलेलं पाकीट आलं किंवा एकाच मोहल्ल्यात विचित्र तापाचे रुग्ण सापडले, आणि जैविक हल्ल्याचा संशय घेऊन पोलीस लॅबच्या दारात उभे राहिले, तर सगळं रजिस्टर त्यांच्या हाती द्यायचं का? लोकांना घरात ठेवणं, फोन काढून घेणं, रक्त-लाळेचे नमुने घेणं यातलं काय कायद्यात बसतं? आणि ‘देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे’ असं कोणी म्हटलं की पुढे काय बोलायचं?

ताई, एक गोष्ट पक्की धरा म्हणजे बाकीची उत्तरं सोपी होतात. अशा वेळी सरकारकडे दोन वेगळे अधिकार असतात. आरोग्य खातं नुसत्या शंकेवर रुग्णाला वेगळं ठेवू शकतं, घर निर्जंतुक करू शकतं, औषध देऊ शकतं. तिथे हेतू जीव वाचवण्याचा असतो, म्हणून शंका पुरते. पोलीस झडती घेतात, जप्ती करतात, अटक करतात. त्याचं टोक तुरुंगात असतं, म्हणून तिथे लेखी कारण, पंच आणि मॅजिस्ट्रेटची नजर लागते. घोटाळा होतो तो एका खात्याने दुसऱ्याचा अधिकार उसना घेतला की. साथीच्या नावाखाली घरझडती झाली तर कोर्टात पुरावा अडचणीत येतो. गुन्ह्याच्या नावाखाली लोकांना कोंडलं तर पुढचा रुग्ण दवाखान्यात यायचं टाळतो, आणि साथ असेल तर तीच पसरते. म्हणून दारात कोणीही आलं तरी शांतपणे तीन गोष्टी विचारा: कोणत्या कलमाखाली, नेमकं काय हवं आहे, आणि किती दिवसांसाठी.

मराठी माणसाला याचं उदाहरण परकं नाही. साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये आला आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरात शिरले. उद्देश आरोग्याचा होता, रीत छाप्याची होती. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेतं लपवली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागचा संताप याच रीतीतून उपजला होता. तोच कायदा आजही लागू आहे. २०२० मध्ये त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी कडक शिक्षा आल्या, ते योग्यच झालं. पण ज्याला वेगळं ठेवलं त्याने दाद कोणाकडे मागायची, याचं कलम त्यात अजूनही नाही. माझ्या मते ही त्या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव आहे. तोवर आधार आहे तो संविधानाच्या कलम २१ चा (जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क) आणि उच्च न्यायालयाच्या रिट अधिकाराचा, म्हणजे हक्क मोडला तर तिथे थेट दाद मागण्याचा. त्यासाठी आपल्याला जबलपूर गाठावं लागत नाही, खंडपीठ ग्वाल्हेरमध्येच आहे.

मोजपट्टी सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने दिली. नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. त्यावर मर्यादा घालायची तर आधी कायदा हवा, हेतू वाजवी हवा, उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा आणि गैरवापर रोखण्याची सोय हवी, अशी कसोटी त्यातून मिळाली. ‘प्रमाणात’ म्हणजे किती, याचं उत्तर जैविक घटनेत बऱ्याच अंशी जंतूच देतो.

अँथ्रॅक्स, म्हणजे गुराढोरांमधली काळपुळी, श्वासातून झालेला असला तरी माणसाकडून माणसाला लागत नाही. म्हणजे पाकिटात खरोखर अँथ्रॅक्स निघाला तरी त्या खोलीतल्या माणसांना १४ दिवस कोंडून ठेवायला वैद्यकीय आधारच नाही. त्यांना लागते ती साबण-पाण्याची आंघोळ, कपडे बदलणं, नावनोंदणी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण ६० दिवसांचं प्रतिजैविक. त्यांना घरी जाऊ न देणं ही निव्वळ भीती आहे. फुप्फुसाचा प्लेग असेल तर हिशेब उलटा होतो. तो खोकल्याच्या तुषारांतून जवळच्या माणसाला लागतो, लक्षणं बहुधा १ ते ६ दिवसांत दिसतात. म्हणून रुग्णाला वेगळं ठेवणं आणि निकट संपर्कातल्यांवर ७ दिवस औषध आणि नजर ठेवणं रास्त आहे. सात, एकवीस नव्हे. बोट्युलिनमसारखं विष असेल तर विलगीकरणाचा प्रश्नच येत नाही, तिथे धावपळ करायची ती अन्नाचा स्रोत शोधण्यासाठी. तेव्हा बंदीच्या आदेशावर संशयित रोगाचं नाव आणि मुदत लिहिलेली नसेल, तर तो आदेश कशाच्या आधारावर निघाला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि हेही लक्षात ठेवा की हे जंतू आपल्याकडे निसर्गातही आहेत. मेलेल्या जनावराचं कातडं किंवा मांस हाताळणाऱ्यांना अँथ्रॅक्स होतो. प्लेग १९९४ मध्ये बीड आणि सुरतला, २००२ मध्ये हिमाचलमध्ये आणि २००४ मध्ये उत्तरकाशीत दिसला. त्यामुळे पहिल्या रुग्णाला ‘तुम्ही कोणाला भेटलात’ हे विचारण्याआधी ‘जनावराशी संबंध आला का, गावाकडे उंदीर मेले का’ हे विचारलं गेलं पाहिजे. ओरेगॉनमध्ये १९८४ साली रजनीश कम्यूनच्या काही लोकांनी हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळला आणि ७५१ माणसं आजारी पडली. तिथे चूक उलट्या बाजूने झाली. सुरुवातीच्या तपासात बोट दाखवलं गेलं ते हॉटेल कामगारांच्या हातांच्या स्वच्छतेकडे, आणि हा घातपात होता हे कळायला वर्ष गेलं. दोन्हीकडे शिकायचं एकच: पहिला अंदाज कागदावर ‘अंदाज’ म्हणूनच लिहायचा आणि त्याच्या जोरावर कोणाची रोजीरोटी थांबवायची नाही.

आता पाकिटाकडे येऊ. समजा नई सडकेवरच्या एखाद्या कार्यालयात ते उघडलं गेलं. ते हलवायचं नाही, हुंगायचं नाही, दुसऱ्याला दाखवायला न्यायचं नाही. पंखे आणि एसी बंद करायचे, पाकिटावर अलगद काहीतरी झाकायचं, खोलीबाहेर येऊन दार लावायचं आणि हात साबणाने धुवायचे. खोलीत कोण कोण होतं याची यादी तिथल्या तिथे करायची. ही यादी आरोग्यासाठी आहे, संशयितांची नाही, हे त्यावरच लिहून ठेवावं. नंतर हाच कागद केस डायरीत जाऊन बसला की घोळ होतो. पोलिसांनी ते पाकीट ठाण्याच्या मालखान्यात नेऊ नये. ते तीन थरांच्या पॅकिंगमध्ये जातं: आत न गळणारं भांडं, त्याभोवती शोषक कागद आणि दुसरं बंद भांडं, बाहेर कडक खोकं. खोक्याला सील, सीलचा ठसा पंचनाम्यावर, आणि पुढे प्रत्येक हस्तांतराची वेळ, नाव आणि सही. एक सही राहिली तर बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. त्या नोंद नसलेल्या अर्ध्या तासात नमुना बदलला गेला असेल, तर ते निरपराध माणसाला सिद्ध करता येणार नाही.

झाशी रोडवरची डीआरडीई ही जैविक आणि रासायनिक संरक्षणावर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आपल्या शहरात आहे, ही ग्वाल्हेरची जमेची बाजू. पण ‘आपल्याकडे डीआरडीई आहे’ म्हणून कोणीही पाकीट रिक्षात घालून तिथे न्यायचं नसतं. नमुना जातो तो प्रशासनामार्फत: टीआय (ठाण्याचे प्रभारी निरीक्षक), सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय आणि आरोग्य अधिकारी), कलेक्टर कार्यालय आणि मग प्रयोगशाळा. (तिच्याभोवतीच्या २०० मीटर बांधकामबंदीचा वाद आपल्या शहराने पाहिला आहेच. सुरक्षेची रेघ कुठे ओढायची आणि तिची किंमत कोणी मोजायची, हाच प्रश्न तिथेही होता.)

जागेवरच्या झटपट चाचणीवर मात्र कोणाचंही स्वातंत्र्य टांगू नका. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पत्रं पाठवली गेली, त्यानंतर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने हातात धरायच्या अँथ्रॅक्स चाचण्यांवर निर्णय घेऊ नयेत असंच सांगितलं. हिशेब करून पाहा. समजा १,००० संशयित पाकिटं तपासली, त्यात खरं एकच आहे, आणि चाचणी चांगल्या पाकिटांपैकी १ टक्क्याला चुकून ‘पॉझिटिव्ह’ म्हणते. मग ११ पॉझिटिव्ह येतील आणि त्यातली १० खोटी असतील. त्या दहा कार्यालयांतली माणसं, त्यांची नावं, त्यांचे टीव्हीवरचे चेहरे, हे सगळं फुकट उद्ध्वस्त होईल. पीसीआरला काही तास लागतात, कल्चरच्या (जंतू वाढवून पाहण्याच्या) प्राथमिक निकालाला २४ ते ४८ तास. म्हणून माझा आग्रह असतो की पहिले निर्बंध ४८ तासांचेच लिहावेत. निकाल आला की वाढवा किंवा उठवा, पण आपोआप वाढू देऊ नका.

तुमच्या लॅबच्या रजिस्टरबद्दल सविस्तर सांगतो, कारण तुमच्यावर जबाबदारी येणार ती इथेच.

तोंडी मागणीवर काही देऊ नये. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश देऊन कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवता येतात. तो आदेश मागा. त्यात गुन्हा क्रमांक किंवा चौकशी क्रमांक, कोणत्या तारखांची, कोणत्या तपासण्यांची माहिती हवी, हे असावं. ‘गेल्या दोन वर्षांचे सर्व रुग्ण’ असं लिहून आणलं तर तुम्ही लेखी उत्तर द्या: ‘अमुक ते अमुक तारखेदरम्यान रक्ताच्या कल्चरमध्ये अमुक प्रकारचे जंतू आढळलेल्या रुग्णांची माहिती देण्यास तयार आहोत, कृपया मागणी निश्चित करावी.’ हा नकार नव्हे, आणि त्या भाषेत तो नकार वाटतही नाही. चांगला तपास अधिकारी हे मान्य करतो, कारण दोन हजार नावांपेक्षा नऊ नावं त्याच्याही कामाची असतात.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम आजही लागू आहेत. त्यात रुग्णाची गुपितं उघड करायला तीन वाटा ठेवल्या आहेत: न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि निश्चित धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले रोग. कळवायचं ते सीएमएचओ कार्यालयाला किंवा जिल्हा रोग सर्वेक्षण अधिकाऱ्याला, आणि ते लगेच कळवा. तिथे पोलिसांची वाट पाहायची नाही, रुग्णाच्या संमतीसाठी थांबायचं नाही. पण कळवणं आणि अख्खं रजिस्टर उघडणं यात अंतर आहे. पहिल्या टप्प्यात नावांऐवजी क्रमांक घातलेली यादी द्या: वय, स्त्री-पुरुष, मोहल्ला, ताप आल्याची तारीख, तपासणी, निकाल. क्रमांक आणि नावांची जोडणी करणारा कागद वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. रोगाचा माग काढायला बहुधा मोहल्ला आणि तारीखच पुरते. एखाद्या क्रमांकाचं नाव खरोखर लागलं तर त्या क्रमांकापुरती स्वतंत्र लेखी मागणी येऊ द्या.

संगणकावरच्या नोंदी देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्य येतं, म्हणजे त्या फाइलचा असा आकडा की एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. हे करून घ्या. याने तपासाचाही फायदा आणि तुमचाही, कारण नंतर कोणी म्हणू शकत नाही की नावं तुम्ही घातली. लॅबचा अख्खा सीपीयू उचलून न्यायला निघाले तर जागेवरच प्रत काढून देण्याची तयारी दाखवा, आणि ती तयारी पंचनाम्यात लिहायला सांगा. संगणक गेला की डायलिसिसच्या आणि कॅन्सरच्या रुग्णांचे जुने रिपोर्टही जातात. तो सुद्धा सार्वजनिक आरोग्याचाच तोटा आहे.

अपवाद एक आणि तो मोठा आहे. गुन्हा बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली नोंदला असेल, तर कलम ४३-एफ प्रमाणे तपास अधिकारी कोणत्याही संस्थेकडून किंवा व्यक्तीकडून माहिती मागू शकतो आणि ती न देणं हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तिथे अडून बसू नका. पण त्याच कलमात एसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी लागते. तिची प्रत बघा, तिचा क्रमांक पोचपावतीवर घ्या.

झडती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली वॉरंटशिवायही ती होऊ शकते, पण कारणं आधी लिहावी लागतात आणि त्यांची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जावी लागते. त्याच संहितेच्या कलम १०५ मुळे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण आता बंधनकारक आहे. त्यात एक खाच आहे: लॅबमधल्या चित्रणात फळ्यावरची, नळ्यांवरची रुग्णांची नावं दिसतात. कॅमेरा सुरू होण्याआधी ही गोष्ट अधिकाऱ्याच्या लक्षात आणून द्या. चित्रण मॅजिस्ट्रेटकडे जाणार, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, हेही तिथेच बोलून घ्या.

रुग्णांच्या चौकशीत आरोग्य कर्मचारी आणि पोलीस एकत्र बसावेत की वेगळे, यावर मतभेद आहेत. माझं मत: एकत्र बसावं, पण आपापली ओळख आधी सांगून आणि आरोग्याचे प्रश्न आधी विचारून. दोनदा तेच विचारल्याने आजारी माणूस थकतो आणि उत्तरं बदलतात, ती बदललेली उत्तरं मग संशय म्हणून वाचली जातात. मात्र साध्या वेशातल्या पोलिसाने ‘मी आरोग्य विभागातून’ म्हणून बसणं ही सगळ्यात महाग पडणारी लबाडी आहे. एकदा ती मोहल्ल्यात कळली की आशाताईंनाही दार उघडलं जात नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, दिव्यांग आणि तीव्र आजारी माणसं यांना जबाबासाठी ठाण्यावर बोलावता येत नाही, अधिकाऱ्यालाच त्यांच्याकडे जावं लागतं. तापाने फणफणलेल्या रुग्णाला हा नियम लागू होतो. स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा हक्क त्यालाही आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालानंतर संमतीशिवाय नार्को किंवा पॉलिग्राफ चालत नाही, मामला कितीही गंभीर असो.

नमुन्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त सरमिसळ होते. अटक झालेल्या आरोपीची वैद्यकीय तपासणी, रक्त आणि स्वॅबसह, त्याच संहितेच्या कलम ५१ खाली पोलिसांच्या विनंतीवरून होऊ शकते. शेजारी, सहकारी, टपाल वाटणारा पोस्टमन हे आरोपी नाहीत. त्यांचा स्वॅब उपचारासाठी घेतला जातो आणि संमतीने घेतला जातो. शिवाय अँथ्रॅक्समध्ये नाकाचा स्वॅब एकेका माणसाचं निदान करायला कामाचा नाही. खोलीत जंतू कुठवर पसरला याचा नकाशा काढायला तो वापरतात. निगेटिव्ह आला म्हणून औषध थांबवणं धोक्याचं, आणि पॉझिटिव्ह आला म्हणून माणूस संशयित ठरत नाही. उपचारासाठी घेतलेल्या त्याच नळीतून गुपचूप डीएनए काढून तपासात वापरणं मला अजिबात मान्य नाही. २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया ओळख कायद्याखाली घेतलेल्या मापांच्या (ठसे, जैविक नमुने वगैरे) नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. आरोग्याच्या स्वॅबने कोणाला त्या रांगेत ढकलू नये. संमतीपत्रात एक ओळ पुरे: ‘हा नमुना फक्त रोगनिदानासाठी वापरला जाईल.’ नमुना कमी असेल तर प्राधान्य रुग्णाच्या निदानाला, उरला तर तपासाला.

विलगीकरणाचा आदेश लेखी असावा, त्यावर अधिकाऱ्याचं नाव, सुरुवात आणि शेवट, कारण, आणि कोणाकडे तक्रार करायची हे असावं. जेवण, औषधं, फोन आणि रोजंदारीची सोय नसेल तर तो आदेश टिकत नाही, माणसं रात्री निघून जातात. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतहून लाखो लोक रेल्वे आणि बस पकडून निघाले. बंदोबस्त लावून ती गर्दी थांबली नसती. विश्वासार्ह माहिती आणि दुकानात टेट्रासायक्लिन (प्लेगवरचं प्रतिजैविक) मिळणं याने कदाचित थांबली असती. दारावर भित्तिपत्रक चिकटवण्याची सवय तर मोडलीच पाहिजे. कोविडच्या काळात घरांवर लावलेल्या अशा फलकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम प्राधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याशिवाय ते लावता येणार नाहीत.

समानतेचा मुद्दा इथे विसरला जातो. २००१ च्या अमेरिकेतल्या पत्रांमध्ये सिनेटच्या कर्मचाऱ्यांना लगेच औषध मिळालं, पण ज्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून ते पत्र गेलं ते काही दिवस चालूच राहिलं आणि तिथले दोन कर्मचारी दगावले. बंद पाकिटातून यंत्राच्या दाबाने पूड बाहेर येते हे तेव्हा ओळखलं गेलं नाही. आपल्याकडे असं काही झालं तर बाड्यावरच्या (शहराच्या मुख्य चौकातल्या) पोस्टात थप्प्या लावणारा माणूस साहेबांच्या आधी तपासला जावा, कारण पाकीट त्याच्या हातातून आधी गेलेलं असतं.

फोन आणि कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. जपून ठेवणं आणि बघणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. अनेक डीव्हीआरमध्ये १५ ते ३० दिवसांत जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणून ‘जपून ठेवा’ असं पत्र पहिल्याच दिवशी सगळ्या दुकानदारांना जावं. बघायचं मात्र पत्रपेटी उघडण्याच्या दोन वेळांमधलं तेवढंच. टॉवरखालच्या सगळ्या फोनची यादी मागवली तर बाड्यावर संध्याकाळी हजारो निरपराध माणसं त्यात येतात, म्हणून वेळेची खिडकी जितकी अरुंद तितका तपास कामाचा. संभाषण ऐकायचं असेल तर गृहसचिवांच्या पातळीचा आदेश लागतो, एका आदेशाची मुदत ६० दिवस आणि एकूण १८० दिवसांपलीकडे नाही. तातडीत खालच्या पातळीवर दिलेला आदेश ७ कामाच्या दिवसांत वरून कायम व्हावा लागतो.

‘दहशतवाद’ हे कलम कधी लावायचं, हा निर्णय पुढचं सगळं ठरवतो. यूएपीएच्या कलम १५ मध्ये आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्ये घातक जैविक पदार्थांचा उल्लेख आहे. कलम ११३ लावायचं की यूएपीए, हे एसपी किंवा त्यावरचा अधिकारी ठरवतो. जैविक शस्त्र बनवणं, बाळगणं यासाठी २००५ चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांचा कायदा आहे. यूएपीए लागला की आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते आणि जामीन जवळजवळ बंद होतो. म्हणून मैद्याची पूड पाठवणाऱ्या खोडसाळ माणसावर हे कलम लावण्याचा मोह टाळावा. त्याच्यासाठी धमकी, खोटी माहिती, अफवा यांची कलमं आहेत आणि ती पुरेशी आहेत. दुसरीकडे, हेतू आणि जंतू दोन्ही सिद्ध होत असतील तर कचरूही नये. यूएपीएच्या अटकेतही अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ती दिली नाहीत तर खरा आरोपीसुद्धा त्याच मुद्द्यावर कोठडीतून सुटू शकतो.

नाव जाहीर करण्याबद्दल मी सगळ्यात ठाम आहे. २००१ च्या त्या पत्रांनी ५ जण मेले, १७ आजारी पडले. तपासात १०,००० हून अधिक लोकांचे जबाब झाले, ८० झडत्या झाल्या. ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅटर्नी जनरलनी एका शास्त्रज्ञाचा जाहीर उल्लेख ‘तपासाला ज्यात रस आहे अशी व्यक्ती’ असा केला. आरोपपत्र कधीच आलं नाही, त्याची नोकरी गेली, आणि २००८ मध्ये सरकारने सुमारे ५८ लाख डॉलरची तडजोड केली. पुढे ज्याच्याकडे बोट गेलं त्याने खटल्याआधीच जीव दिला. २०११ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने म्हटलं की केवळ वैज्ञानिक पुराव्यावर जंतूचा उगम ठामपणे सांगता येत नाही. त्या तपासात खरोखर कामाला आलेला भाग बराच अरुंद होता: प्रयोगशाळांकडून लेखी आदेशाने मागवलेले जंतूच्या एकाच वाणाचे (स्ट्रेनचे) हजारभर नमुने आणि त्यांची जनुकीय तुलना. तिथेही नमुने देण्याची रीत सगळीकडे सारखी पाळली गेली नाही, ही त्रुटी राहिलीच.

याचा तुमच्यासारख्या लॅबवालीला थेट उपयोग आहे. तुमच्याकडचं एखादं कल्चर हिशेबात कमी भरलं तर ते त्याच दिवशी लिहून कळवा, पण कळवणाऱ्यालाच आधी आरोपी करण्याची रीत प्रशासनाने ठेवू नये. २००३ मध्ये टेक्सासच्या एका प्राध्यापकाने प्लेगच्या ३० कुप्या गायब असल्याचं कळवलं. खटला शेवटी बराचसा पैशांच्या व्यवहारांवर आणि नियमबाह्य पार्सलवर येऊन ठेपला, आणि त्याला कैद झाली. अशा बातमीनंतर पुढचा संशोधक कुपी हरवली तर गप्प बसेल, आणि हरवलेल्या कुपीची खबर न मिळणं हाच मोठा धोका. कल्चर नष्ट करताना ऑटोक्लेव्हची तारीख, वेळ आणि सही असलेली साधी वही ठेवा. शंभर प्रश्नांना तीच उत्तर देते.

शेवटी निकाल निगेटिव्ह आल्यावरच्या कामाचं. इथे सगळे घरी जातात आणि ज्यांची नावं आली ते अडकून राहतात. जप्त वस्तू परत मिळवायला न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करता येतो, तो वेळेवर करा. तुम्ही दिलेल्या यादीचं पुढे काय झालं, क्रमांक-नावांचा लिफाफा परत मिळणार की नष्ट होणार, हे लेखी विचारा. आणि वेगळं ठेवलेल्या प्रत्येकाला सीएमएचओ कार्यालयाकडून पत्र मिळवून द्या: अमुक तारखेला तपासणी झाली, रोग आढळला नाही, कामावर रुजू होण्यास हरकत नाही. त्यावर जावक क्रमांक आणि शिक्का हवा, नाहीतर कारखान्याचा सुपरवायझर ते मानत नाही आणि घरमालक भाड्याची खोली परत देत नाही.